ब्रिस्टलचे अनाथपालक जॉर्ज म्युलर

इंग्लंडच्या पश्चिम भागात ब्रिस्टल म्हणून बंदराचे एक मोठे शहर आहे. त्याच्या उत्तरेस ॲशली डाउन नावाचा उंचवटा असून त्यावर एका जर्मन मनुष्याने अनाथ मुलांसाठी पाच विशाल दगडी घरे उभारली. त्या मनुष्याचे, म्हणजे जॉर्ज म्युलर ह्यांचे, नाव आपल्या वाचकांपैकी पुष्कळांनी उपदेशांत ऐकले असेल, व बहुतकरून प्रार्थनेच्या उत्तराचे उदाहरण म्हणूनच ऐकले असेल. परंतु त्या घरांत मुले किती वाजता उठत, काय जेवत आणि भांडी कोणी दिली, हे सांगणारा उपदेशक विरळा. म्हणून त्यांचे चरित्र देताना ह्या लहानसान गोष्टींकडे अधिक लक्ष पुरवावे असे योजिले आहे.

म्युलर ह्यांचा जन्म प्रशिया देशातील क्रोपेनश्टेट गावी २७ सप्टेंबर १८०५ रोजी झाला. वडील सरकारी कर वसूल करणारे अंमलदार होते. मुलाने पाळक व्हावे अशी त्यांची इच्छा होती, पण ती देवभक्तीमुळे नव्हे. पाळकाची नोकरी पोटापाण्याला बरी आणि म्हातारपणी आपल्यालाही तेथे आसरा मिळेल, एवढाच तो हिशेब होता. जॉर्ज दहा वर्षांचा होण्यापूर्वीच वडिलांच्या ताब्यातील सरकारी पैसा चोरू लागला. चौदाव्या वर्षी आई वारली, त्या रात्री तो पत्ते खेळत बसला होता. सोळाव्या वर्षी खाणावळींची बिले बुडविल्यामुळे तो तुरुंगात पडला, आणि वडिलांनी पैसे भरले तेव्हा सुटला. पुढे दुसऱ्यांचे पंधरा लाख पौंड ज्याच्या हातून गेले व ज्याच्याकडे एका शिलिंगाचीही अफरातफर निघाली नाही, तो मनुष्य ह्या मुलातून निघाला.

हाले येथील विद्यापीठात शिकत असता, १८२५ च्या नोव्हेंबर महिन्यात एक मित्र त्यांना एका घरगुती प्रार्थनासभेस घेऊन गेला. तेथे एक मनुष्य गुडघे टेकून प्रार्थना करीत होता. तसे करताना त्यांनी आजवर कोणास पाहिले नव्हते. त्या संध्याकाळपासून त्यांचे मन पालटले. त्याच हाले शहरी ऑगस्ट हेर्मान फ्रांके ह्यांनी सतराव्या शतकाच्या अखेरीस मोठे अनाथगृह स्थापिले होते. गरीब धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठी तेथे फुकट खोल्या असत, आणि म्युलर दोन महिने तशा खोलीत राहिले. हाले येथेच शिकलेले झीगेनबाल्ग १७०६ साली तरंगमबाडीस उतरले होते, तेव्हा आपल्या देशाचाही त्या गावाशी जुना ऋणानुबंध आहे.

१८२९ साली म्युलर लंडनला आले, आजारी पडले, आणि हवापालटासाठी गेले असता टेनमथ येथील लहानशा मंडळीचे पाळक झाले. १८३० साली मेरी ग्रोव्हज ह्यांच्याशी त्यांचा विवाह झाला. त्याच वर्षी त्यांनी ठरीव पगार सोडला. तो पगार बाकांच्या भाड्यातून येत असे. ज्याचे भाडे अधिक त्याचे बाक पुढे, आणि गरीब बंधू मागे. हे त्यांना सहन झाले नाही. दाराशी एक पेटी ठेवविली, व ज्याला जे द्यावयाचे ते त्याने त्यात टाकावे असे सांगितले. आपल्यांपैकी ज्या पाळकांची पेटी पावसाळ्यात रिकामी राहते त्यांना ह्या निर्णयाचे वजन कळेल.

१८३२ साली हेन्री क्रेक ह्या मित्रासह ते ब्रिस्टलला आले. त्या उन्हाळ्यात शहरात पटकीची साथ होती, आणि आईबाप गेलेली मुले रस्त्यांवर दिसत. त्या काळी इंग्लंडात अनाथगृहे थोडी, व त्यांत प्रवेश मिळविण्यासाठी वर्गणीदारांची मते गोळा करावी लागत. ज्या पोराचे कोणी नाही त्याच्यासाठी मते मागत दारोदार फिरणार कोण? म्हणजे जो खरा निराधार तोच बाहेर राही. म्युलर ह्यांनी १८३५ साली फ्रांके ह्यांचे चरित्र पुन्हा वाचले व अनाथगृह काढण्याचा निश्चय केला. हेतू दोन होते. एक मुलांचे पोषण. दुसरा असा की, चौदा चौदा तास राबूनही उद्याच्या भाकरीच्या धास्तीने जे श्रमकरी बंधू देवाचा रविवारही पाळीत नव्हते, त्यांना आपल्या डोळ्यांनी पाहता येईल असे काही उभे राहावे.

वर्गणी मागावयाची नाही, कर्ज काढावयाचे नाही, गरज कोणाला सांगावयाची नाही, असा नियम केला. मग वस्तू येऊ लागल्या. आरंभीच्या एका देणगीची यादी त्यांनी टिपून ठेविली आहे: ३ मोठी ताटे, २८ बशा, ३ वाडगी, १ सुरई, ४ पेले, ३ मिठाची भांडी, १ किसणी, ४ सुऱ्या आणि ५ काटे. कोणाच्या तरी घरातील फडताळ रिकामे झाले असावे. एक शिवणकाम करणारी स्त्री प्रकृतीने क्षीण असून आठवड्याला सरासरी साडेतीन शिलिंग मिळवीत असे. तिला वारशाने ४८० पौंड मिळाले. वडिलांच्या कर्जाबद्दल भावंडांनी सावकारांना अंशतःच पैसे दिले होते. हिने आपल्या वाट्याच्या पैशातून ते कर्ज पूर्ण फेडले, आईला १०० पौंड दिले, आणि १०० पौंड अनाथांसाठी म्युलर ह्यांच्याकडे पाठविले. त्यांनी तिला परावृत्त करण्याचा पुष्कळ प्रयत्न केला, पण तिचा निश्चय ढळला नाही.

सर्व सिद्ध झाले, आणि १८३६ च्या ३ फेब्रुवारीस मुलांचे अर्ज घेण्यासाठी म्युलर उपासनामंदिराच्या खोलीत दोन तास बसले. एकही अर्ज आला नाही. घरी जाताना त्यांच्या ध्यानात आले की, घर, पैसा, सामान, मदतनीस, सर्वांसाठी आपण प्रार्थना केली. मुलेच मागावयाची राहिली! त्या रात्री त्यांनी तेही मागितले. दुसऱ्या दिवशी पहिला अर्ज आला, आणि थोड्याच काळात बेचाळीस झाले. त्या वर्षीच्या एप्रिल महिन्यात विल्सन रस्त्यावरील भाड्याच्या घरात तीस मुलींचे पहिले अनाथगृह उघडले. मागोमाग लहान बालकांचे, मुलग्यांचे, आणि पुढे चौथे घर झाले.

ही विल्सन रस्त्यावरील वर्षे फार ओढीची होती. १८३८ साली पैसा इतका आटला की, आठवड्याचे बिल ठेवण्याची रीत सोडून पाव व दूध रोजच्या रोज रोख घेण्याचे ठरले. रोख नसेल तर दूध दारातून परत. आजपर्यंत ही तंगी म्युलर एकटेच जाणत होते. आता त्यांनी घरांतील सर्व सेवकांस जमवून सांगितले. ज्याच्याजवळ जे होते ते त्याने आणून दिले, आपल्या वस्तूही विकल्या. मंडळीने चालविलेले घर म्हणतात ते हेच. आधी जे त्या घरात राबत तेच देणारे झाले. १८ सप्टेंबरला हाती काहीच उरले नसता लंडनहून आलेल्या एका बाईने तीन पौंडांहून अधिक रक्कम आणून दिली. ती तिच्या मुलीने अनाथांसाठी पाठविली होती, आणि बाई चार-पाच दिवसांपासून अनाथगृहाच्या शेजारीच उतरली होती. पैसा भिंतीपलीकडे होता, आणि इकडे सर्वजण प्रार्थना करीत होते.

१८४१ च्या डिसेंबरात वार्षिक सभा भरवून अहवाल छापण्याची वेळ आली, तेव्हा तिजोरी रिकामी होती. अहवाल वाचला तर ती एक प्रकारची मागणीच होईल, म्हणून सभा लांबणीवर टाकली! मला प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे की, असे करण्याचे धैर्य माझ्यात नाही. त्याच सुमारास, पूर्वी अनेकदा देणगी दिलेल्या एका बंधूने पत्र लिहून विचारले की, सध्या गरज आहे काय? म्युलर ह्यांनी गरजेविषयी सांगण्यास नम्रपणे नकार दिला. काही दिवसांनी त्या बंधूचे १०० पौंड आले, तेव्हा हाती एक पेनीही नव्हती.

१८४५ च्या ऑक्टोबरात त्या रस्त्यावरील एका रहिवाशाचे सभ्य शब्दांत लिहिलेले पत्र आले. मुलांच्या गलबल्याने शेजाऱ्यांना त्रास होतो, अशी तक्रार होती. म्युलर ह्यांनी ती खोटी मानली नाही. अंगण एकच, त्यात एका वेळी एकाच घरची मुले खेळू शकत. पाण्याचा तुटवडा, गटारेही सोयीची नव्हती. त्यांनी आपले घर बांधण्याचे ठरविले. ॲशली डाउनवरील सुमारे सात एकर जमिनीचा मालक एकरी २०० पौंड मागत होता. म्युलर त्यास दोनदा भेटावयास गेले, पण गाठ पडली नाही. दुसऱ्या दिवशी मालकाने स्वतःच सांगितले की, पहाटे तीनपासून पाचपर्यंत मला झोप आली नाही. जमीन अनाथांसाठी हवी असेल तर १२० पौंडांप्रमाणे द्यावी असे मी ठरविले. १८ जून १८४९ रोजी पहिल्या घरात मुले राहावयास गेली. दुसरे घर १८५७, तिसरे १८६२, चौथे १८६८ आणि पाचवे १८७० साली उघडले. तेव्हा तेथे एकाच वेळी २,०५० मुलांची सोय झाली.

आता त्या घरातील एक दिवस पाहू. सहाला उठणे. सातपर्यंत तोंड धुणे, केस विंचरणे, कपडे. सात ते आठ मुली विणकाम करीत व मुलगे वाचीत. आठला न्याहारी, मग अल्पशी उपासना, बिछाने घालणे व झाडलोट. दहा ते साडेबारा शाळा; एकला जेवण; दोन ते चार पुन्हा शाळा; मग खेळ, साडेपाचला उपासना, सहाला चहा व पाव, आणि आठ-नऊच्या दरम्यान निजणे. जेवणात सोमवारी उकडलेले गोमांस, मंगळवारी मांस घातलेला रस्सा, बुधवारी काकवी घालून दूधभात, गुरुवारी बकऱ्याचे मांस, शुक्रवारी पुन्हा रस्सा, शनिवारी डुकराचे खारवलेले मांस. आणि रविवारी पुन्हा काकवी-भात, तो का, तर स्वयंपाकामुळे उपासनेला मुकणारे हात कमीत कमी असावेत म्हणून. पाहा, आचाऱ्याच्या आत्म्याचाही विचार केलेला!

मुलगे आपले मोजे स्वतः विणीत व रफू करीत, जोडे पुसत, बागेत काम करीत. प्रत्येकाला कपड्यांचे तीन जोड असत. मुलींच्या डोक्यावर गवताच्या टोप्या. मुलगे चौदा-पंधरा वर्षांचे झाले की एखाद्या कारागिराकडे उमेदवार म्हणून जात, आणि त्या कारागिराला द्यावयाची रक्कम अनाथगृह भरी. मुली सतरा वर्षांच्या होईतो राहून स्वयंपाक, धुणे व शिवण शिकत. जाताना पेटी, कपडे आणि पवित्र शास्त्र मिळे. ह्या मुलांना त्यांच्या पायरीहून अधिक शिकविले जाते, अशी तक्रार काही प्रतिष्ठितांनी केली. म्युलर ह्यांनी शिकविणे कमी केले नाही. चार्ल्स डिकन्स चालवीत असलेल्या साप्ताहिकाने १८५७ साली ह्या घरांवर मोठा लेख छापला व व्यवस्थेची वाखाणणी केली.

त्याच १८५७ च्या नोव्हेंबरअखेर पहिल्या घरात ऊब देणारे पाण्याचे मोठे पात्र गळू लागले. ते विटांच्या बांधणीत बसविलेले असल्यामुळे दुरुस्तीसाठी अग्नी विझवून बांधणी फोडणे भाग होते, आणि घरात तीनशे मुले, त्यांत पुष्कळ अगदी लहान. बुधवार ठरला. आधीच्या आठवड्यातच उत्तरेचा कडक वारा सुटला. म्युलर ह्यांनी दोन गोष्टी मागितल्या: वारा दक्षिणेचा व्हावा, आणि नहेम्याच्या दिवसांतल्याप्रमाणे कामकऱ्यांस काम करण्याची इच्छा व्हावी. मंगळवारी संध्याकाळीही उत्तरेचाच वारा होता. बुधवारी दक्षिणेचा वाहू लागला व अग्नीशिवायही हवा सुसह्य झाली. रात्री मालक आपल्या माणसांना उशिरापर्यंत थांबण्यास सांगू लागला, तो तीच म्हणाली की, आम्ही रात्रभर करू. तीस तासांच्या आत काम पुरे झाले.

एक गोष्ट मात्र मला खटकते, ती लपवीत नाही. म्युलर ह्यांच्या नियमाप्रमाणे विधिपूर्वक विवाहातून जन्मलेल्या व आई आणि बाप दोन्ही नसलेल्या मुलांनाच प्रवेश असे. ज्याचा बाप ठाऊक नाही ते मूल त्याहूनही निराधार. पण ते दाराबाहेर राही. काळाची रीत तशी होती खरी. तरी ज्याने मतांची अट काढून टाकली त्याने हीही अट काढावयास हवी होती असे वाटते. आपल्याकडे पंडिता रमाबाईंनी केडगावी अशांसाठीही कृपासदन उघडले, आणि म्युलर ह्यांचे चरित्र वाचूनच बाईंना विश्वासाने काम चालविण्याची उमेद आली होती, हे त्यांनी स्वतः नमूद केले आहे. शिष्या ह्या बाबतीत गुरूच्या पुढे गेली.

ब्रिस्टलच्या मंडळीत १८४८ साली जी फूट पडली तिच्या वादात शिरण्याचे येथे कारण नाही. पत्नी मेरी १८७० च्या फेब्रुवारीत वारल्या. मुलांचे कापड निवडण्यापासून हिशेब तपासण्यापर्यंत त्यांचा हात सर्वत्र होता, आणि त्यांच्या मागून मुलांची रांग स्मशानापर्यंत चालली. पुढे सत्तरीच्या उंबरठ्यावर म्युलर उपदेशाच्या प्रवासाला निघाले व सतरा वर्षांत बेचाळीस देश फिरले. त्यात १८८३-८४ साली ते हिंदुस्थानातही आले होते.

९ मार्च १८९८ रोजी संध्याकाळी त्यांनी नेहमीप्रमाणे प्रार्थनासभा चालविली. दुसऱ्या सकाळी चहा घेऊन गेलेल्या व्यक्तीला ते बिछान्याशेजारी जमिनीवर मृत आढळले. वय ९२ होते. तोवर १०,०२४ अनाथ त्या घरांतून वाढले होते. देणाऱ्यांची नावे अहवालात कधी छापली गेली नाहीत. ज्याने त्याने आपल्या पावतीच्या क्रमांकावरून आपली देणगी पोहोचल्याची खात्री करून घ्यावी, अशी रीत होती. त्यांच्या मागे निघालेली मालमत्ता घरातील सामानासह दोनशे पौंडांचीही नव्हती. ॲशली डाउनवरील घरे १९५८ साली ब्रिस्टलच्या शिक्षणखात्याने विकत घेतली. त्याआधीच मुलांना लहान लहान कुटुंबवजा घरांत हलविण्यास आरंभ झाला होता.