तारीख ठरवून युद्ध संपवणारा पंतप्रधान

फ्रान्सच्या चौथ्या प्रजासत्ताकाने आपल्या बारा वर्षांच्या आयुष्यात वीसहून अधिक मंत्रिमंडळे पाहिली. त्यांतील बहुतेकांची नावे आज खुद्द पॅरिसमध्येही अभ्यासकांखेरीज कोणाच्या स्मरणात नाहीत. याला ठळक अपवाद पियेर मेंदेस-फ्रान्स यांचा. जून १९५४ ते फेब्रुवारी १९५५ अशी जेमतेम साडेसात महिने त्यांना सत्ता लाभली. तेवढ्या अवधीत आठ वर्षे रेंगाळलेल्या एका परमुलुखातील युद्धातून त्यांनी फ्रान्सला बाहेर काढले, आणि तेही संसदेला अगोदर तारीख देऊन. सैन्य माघारी घ्यावे की न घ्यावे हा प्रश्न ज्या ज्या राजधानीत उपस्थित होतो, तेथे त्यांचे नाव निघते. त्यांनी दिलेल्या तारखेचे कौतुक पुष्कळ होते; त्या तारखेला जोडलेल्या अटीकडे मात्र सोयीस्कर दुर्लक्ष होते.

पोर्तुगालमधून पूर्वी परागंदा झालेल्या एका ज्यू कुळात, पॅरिस येथे ११ जानेवारी १९०७ रोजी त्यांचा जन्म झाला. विशी ओलांडण्याच्या सुमारासच त्यांनी वकिलीची सनद मिळवली आणि १९३२ मध्ये पंचविसाव्या वर्षी नॉर्मंडीतील लुव्हिये मतदारसंघातून ते संसदेत निवडून आले. त्या सभागृहातील ते सर्वांत तरुण सदस्य होते. रॅडिकल पक्षाच्या या तरुणाला अर्थशास्त्रात विशेष गती होती. १९३८ मध्ये लेओं ब्लूम यांच्या अल्पजीवी सरकारात कोषागार खात्याचे उपमंत्रिपद त्यांच्याकडे आले. हा प्रवास एरवी सरळ चालला असता. परंतु १९४० मध्ये फ्रान्स कोसळला आणि हवाई दलात दाखल झालेले मेंदेस लढा पुढे चालवण्याच्या हेतूने जहाजाने मोरोक्कोला गेले. विशी सरकारने त्यांना तेथे अटक करून सैन्यातून पळाल्याचा आरोप ठेवला. १९४१ च्या मे महिन्यात क्लेर्माँ-फेराँ येथील लष्करी न्यायालयाने त्यांना सहा वर्षांची शिक्षा ठोठावली. पुढच्याच महिन्यात ते तुरुंगातून निसटले, काही महिने भूमिगत राहिले आणि अखेर लंडन गाठून स्वतंत्र फ्रान्सच्या बॉम्बफेकी तुकडीत सामील झाले. ज्याच्यावर पळपुटेपणाचा शिक्का मारला गेला, तो मनुष्य शत्रूच्या ताब्यातील प्रदेशावरून विमानोड्डाणे करीत होता. तोच शिक्का पुढे निराळ्या कारणाने त्यांच्यावर पुन्हा मारला जायचा होता.

जनरल द गॉल यांनी १९४३ मध्ये त्यांच्याकडे अर्थकारभार सोपवला. १९४४ च्या ब्रेटन वूड्स परिषदेत फ्रेंच शिष्टमंडळाचे नेतृत्व त्यांनीच केले. मात्र मुक्तीनंतरच्या फ्रान्समध्ये चलन आवळून महागाई रोखावी, हा त्यांचा आग्रह द गॉल यांनी मानला नाही, तेव्हा एप्रिल १९४५ मध्ये त्यांनी मंत्रिपद सोडले. लोकांना अप्रिय हिशोब उघड सांगावा, ऐकला गेला नाही तर खुर्चीला चिकटून राहू नये, हा त्यांचा स्वभाव येथेच दिसून आला.

इंडोचायनातील युद्ध डिसेंबर १९४६ मध्ये पेटले होते. हो चि मिन्ह यांनी जाहीर केलेले व्हिएतनामचे स्वातंत्र्य फ्रान्सला मान्य नव्हते. हे युद्ध इतकी वर्षे चालले याचे एक कारण असे की, फ्रेंच घरांना त्याची झळ थेट पोहोचत नव्हती. सक्तीच्या लष्करी सेवेतील तरुणांना तेथे धाडले जात नसे. व्यावसायिक सैनिक, परदेशी लीजन, मोरोक्को, अल्जीरिया व पश्चिम आफ्रिकेतून भरती केलेले जवान आणि खुद्द व्हिएतनामी लोक यांच्या बळावर लढाई चालू होती. पैशाचा भारही उत्तरोत्तर अमेरिकेने उचलला. १९५४ पर्यंत खर्चाचा बहुतांश वाटा वॉशिंग्टनकडून येत होता. दुसऱ्याच्या पैशाने आणि दुसऱ्यांच्या मुलांनी लढले जाणारे युद्ध थांबवण्याची निकड कोणत्याही मंत्रिमंडळाला वाटत नाही. आधी एखादा मोठा विजय मिळवावा आणि मग वाटाघाटींना बसावे, असे प्रत्येक सरकार म्हणत राहिले. तो विजय काही येईना.

ऑक्टोबर १९५० मध्ये चीनच्या सीमेलगत काओ बांग येथे फ्रेंच फौजांचा दारुण पराभव झाला. त्यानंतर संसदेत मेंदेस यांनी जी मांडणी केली, ती एखाद्या हिशोबनीसाची होती. युद्ध जिंकायचे असेल तर तिप्पट सैन्य व तिप्पट पैसा लागेल. त्यासाठी कर वाढवावे लागतील आणि युरोपातील संरक्षण दुबळे होईल. हे करण्याची तयारी नसेल तर प्रतिपक्षाशी बोलणी करावी. मधला मार्ग, म्हणजे अपुऱ्या बळावर लढत राहणे, हा सर्वांत महाग मार्ग आहे. सभागृहाला हे रुचले नाही. जून १९५३ मध्ये पंतप्रधानपदासाठी त्यांचे नाव पुढे आले, तेव्हा अवघ्या तेरा मतांनी संधी हुकली. ७ मे १९५४ रोजी दिएन बिएन फू पडले आणि जे हिशोबाने पटले नव्हते ते पराभवाने पटले.

१७ जूनच्या रात्री उशिरा ४१९ विरुद्ध ४७ मतांनी संसदेने त्यांची निवड केली. १४३ सदस्य तटस्थ राहिले. पाठिंबा देणाऱ्या कम्युनिस्टांची मते आपण मोजणार नाही, असे त्यांनी आधीच सांगितले होते. ज्यांच्याशी बोलणी करायची त्यांच्याच मित्रांच्या आधारावर आपण उभे आहोत, असे जिनिव्हात कोणी म्हणू नये हा त्यामागचा विचार. ती मते वगळूनही बहुमत उरले. याच वेळी त्यांनी आपली मुदत घातली: २० जुलैपर्यंत युद्धविराम झाला नाही तर आपण राजीनामा देऊ.

येथे ती विसरली जाणारी अट येते. जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात त्यांनी संसदेला बजावले की, बोलणी फसली तर पद सोडण्यापूर्वी सक्तीच्या सेवेतील तरुणांना इंडोचायनात पाठवण्याचा प्रस्ताव आपण मांडू. म्हणजे माघार नको असेल तर आपली मुले पाठवा. युद्धाची किंमत प्रथमच प्रत्येक फ्रेंच घराच्या उंबरठ्यावर आणून ठेवली गेली. समोरच्या पक्षालाही यातून कळले की, वाटाघाटी मोडल्या तर समोर आजचा थकलेला फ्रान्स उरणार नाही. तारीख आधी जाहीर करणे म्हणजे शत्रूला केवळ वाट पाहण्याचे आमंत्रण, हा आक्षेप रास्तच आहे. पण तारखेनंतर काय होईल हेही मेंदेस यांनी सांगून टाकले होते.

परराष्ट्र खाते त्यांनी स्वतःकडे ठेवले. २३ जून रोजी बर्न येथे ते चाऊ एन लाय यांना भेटले. चीनला तेव्हा अमेरिका इंडोचायनात उतरू नये, हे व्हिएतनामच्या संपूर्ण विजयाहून अधिक महत्त्वाचे वाटत होते. चाऊ तेथून दोनच दिवसांनी दिल्लीत दाखल झाले आणि जुलैच्या आरंभी त्यांनी लिउचौ येथे हो चि मिन्ह यांची समजूत घातली. भारत परिषदेचा सदस्य नव्हता. तथापि, फेब्रुवारीतच युद्धविरामाचे आवाहन करणाऱ्या पंडित नेहरूंच्या वतीने व्ही. के. कृष्ण मेनन जिनिव्हात एका शिष्टमंडळाकडून दुसऱ्याकडे जात होते. विभाजनरेषा कोठे असावी यावर घोडे अडले होते. फाम वान दोंग यांनी तेरावा अक्षांश मागितला होता, फ्रान्सला अठरावा हवा होता. २० जुलैच्या दुपारी सोव्हिएत परराष्ट्रमंत्री मोलोतोव्ह यांच्या पुढाकाराने सतराव्यावर आणि दोन वर्षांत निवडणुका या कलमावर तोड निघाली. कंबोडियाच्या प्रतिनिधीने ऐन वेळी हरकती घेतल्याने मध्यरात्र उलटली आणि सह्या पहाटे झाल्या. परिषदगृहातील घड्याळ तेवढ्यासाठी थांबवल्याचे सांगतात.

या कराराची दुसरी बाजू झाकण्यात अर्थ नाही. दिएन बिएन फूमध्ये पकडलेल्या दहा हजारांच्या आसपास सैनिकांपैकी निम्मेही जिवंत परतले नाहीत. उत्तरेकडून आठ लाखांहून अधिक लोक घरेदारे सोडून दक्षिणेत आले. दक्षिणेतील बाओ दाई सरकारने जिनिव्हा मान्य केले नाही, अमेरिकेने अंतिम घोषणेत सहभागी होण्यास नकार दिला आणि १९५६ च्या निवडणुका झाल्याच नाहीत. शेवटचा फ्रेंच सैनिक एप्रिल १९५६ मध्ये दक्षिण व्हिएतनाममधून बाहेर पडला. ते युद्ध मात्र नव्या नावांनी १९७५ पर्यंत चालले. मेंदेस यांनी फ्रान्सचे युद्ध संपवले, व्हिएतनामचे नव्हे. त्यांनी कधी तसा दावाही केला नाही. शर्तींच्या पालनावर देखरेख ठेवणाऱ्या आयोगाचे अध्यक्षपद भारताकडे आले आणि कॅनडा व पोलंडसह ती निष्फळ होत गेलेली जबाबदारी दिल्लीने दीर्घकाळ वाहिली.

भारताशी त्यांचा संबंध एवढ्यावर थांबत नाही. २१ ऑक्टोबर १९५४ रोजी त्यांच्याच सरकारच्या कारकिर्दीत पाँडिचेरी, कारैकल, माहे व यानम या वसाहतींच्या हस्तांतराचा करार झाला. त्याआधी तीन दिवस कीळूर येथे लोकप्रतिनिधींनी १७० विरुद्ध ८ मतांनी भारतात विलीन होण्याचा कौल दिला होता. १ नोव्हेंबरला कारभार भारताकडे आला, गोळी न झाडता. गोव्यासाठी भारताला आणखी सात वर्षे थांबावे लागले आणि शेवटी सैन्य पाठवावे लागले, हे आठवले म्हणजे या कराराचे मोल कळते.

नेमक्या त्याच १ नोव्हेंबरला अल्जीरियात उठाव झाला. जिनिव्हाचा हिशोबनीस येथे मात्र थबकला. इंडोचायना दूर होता. अल्जीरियात सुमारे दहा लाख युरोपीय वसाहतवाले होते आणि कायद्याने तो फ्रान्सचाच भाग गणला जाई. मेंदेस यांनी तेथे कुमक धाडली आणि गृहमंत्री फ्रान्स्वा मितराँ यांच्यासह अल्जीरिया म्हणजे फ्रान्स ही भूमिका संसदेत ठामपणे मांडली. ट्युनिशियाला अंतर्गत स्वायत्तता देऊ करणाऱ्या नेत्याची ही भूमिका त्यांच्या चाहत्यांनाही आजवर अवघड जाते. सत्ता टिकवण्यासाठी ती घेतली म्हणावे, तर तीही टिकली नाही. साम्राज्य विकणारा, पळपुटा, आणि ज्यू म्हणून परका, अशा शिव्याशापांच्या गदारोळात ५ फेब्रुवारी १९५५ च्या रात्री उत्तर आफ्रिकेच्या प्रश्नावरच ३१९ विरुद्ध २७३ मतांनी त्यांचे सरकार पडले.

१९५६ च्या निवडणुकीत त्यांच्या आघाडीला यश मिळाले, पण पंतप्रधानपद गी मोले यांना देण्यात आले. मोले यांनी अल्जीरियातील सैन्य चार लाखांच्या घरात नेले आणि सक्तीच्या सेवेतील तरुण तेथे पाठवले. जी गोष्ट मेंदेस यांनी इशारा म्हणून मांडली होती ती आता धोरण झाली होती. बिनखात्याचे मंत्री असलेल्या मेंदेस यांनी २३ मे १९५६ रोजी राजीनामा दिला. अल्जीरियाचा प्रश्न अखेर १९६२ मध्ये द गॉल यांनी सोडवला. द गॉल यांचे १९५८ मधील सत्ताग्रहण मेंदेस यांनी अमान्य केले होते आणि त्यापायी ते स्वतःची जागाही गमावून बसले होते. पाँडिचेरीच्या कायदेशीर हस्तांतरासही फ्रेंच संसदेची मान्यता त्याच वर्षी, अल्जीरिया स्वतंत्र झाल्यावर मिळाली.

पुढे १९६७ मध्ये ग्रनोबलमधून ते पुन्हा निवडून आले, वर्षभरात हरले. मे १९८१ मध्ये मितराँ राष्ट्राध्यक्ष झाले, त्या समारंभात त्यांनी आपल्या जुन्या पंतप्रधानांना मिठी मारली, तेव्हा वृद्ध मेंदेस यांचे डोळे भरून आले. १८ ऑक्टोबर १९८२ रोजी पॅरिसमधील घरी, कामाच्या टेबलाशी बसले असताना त्यांचे निधन झाले.