लोकनायक बापूजी अणे

यवतमाळ जिल्ह्याच्या पूर्वेस राळेगाव, मारेगाव आणि वणी हे कपाशीचे तालुके आहेत. वर्धा नदी ओलांडली, की पलीकडे वर्धा आणि चंद्रपूर हे जिल्हे लागतात. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या मुलखाची स्थिती मोठी चमत्कारिक होती. राळेगावचा शेतकरी आपला सारा इंग्रजांच्या कचेरीत भरी. परंतु कायद्याच्या दृष्टीने त्याचा राजा होता हैदराबादचा निजाम! फौजेच्या खर्चापोटी निजामाकडे इंग्रजांची मोठी रक्कम थकली होती. तिच्या फेडीसाठी 1853 साली तह झाला आणि वऱ्हाडचा कारभार इंग्रजांच्या हाती गेला. पुढे 1902 साली दुसरा करार झाला आणि वर्षाला पंचवीस लाख रुपये खंडाने तोच वऱ्हाड इंग्रजांनी कायमचा पट्ट्याने घेतला. दोन दरबारांनी कागदावर सह्या केल्या. ज्यांच्या जमिनी आणि घरे त्या कागदात गेली, त्यांना कोणी विचारले नाही.

अशा या प्रदेशात, वणी येथे, 29 ऑगस्ट 1880 रोजी माधव श्रीहरी अणे यांचा जन्म झाला. पुढे सारा देश त्यांना बापूजी या नावाने ओळखू लागला. घरी संस्कृत विद्येचे वातावरण होते. नागपूरच्या मॉरिस कॉलेजातून ते पदवीधर झाले, काही काळ अमरावतीच्या शाळेत त्यांनी शिक्षकाचे काम केले आणि मग कायद्याची परीक्षा देऊन यवतमाळ येथे वकिली सुरू केली.

मराठ्यांच्या काळात एका दरबारातर्फे दुसऱ्या दरबारी राहून बोलणी करणाऱ्यास वकीलच म्हणत. बापूजींच्या आयुष्यात या शब्दाचे दोन्ही अर्थ खरे ठरावयाचे होते. परंतु त्याला अद्याप बराच अवकाश होता.

तरुणपणीच ते लोकमान्य टिळकांचे अनुयायी झाले. टिळकांनी 1919 साली अमृतसरच्या काँग्रेसच्या वेळी जे धोरण मांडले, त्यास प्रतियोगी सहकारिता असे म्हणतात. समोरचा पक्ष जेवढे सहकार्य करील तेवढे आपण करावे. त्याने अडविले तर आपणही अडवावे. मात्र बोलणे तोडू नये, असा त्याचा आशय आहे. राष्ट्राराष्ट्रांचे व्यवहार ज्या तत्त्वांनी चालतात, त्यांपैकीच हे एक होय. टिळकांच्या निधनानंतर बहुतेकांनी हा मार्ग सोडला. बापूजींनी तो सोडला नाही. 1926 साली न. चिं. केळकर, बॅ. जयकर आणि डॉ. मुंजे यांच्यासह त्यांनी याच तत्त्वावर स्वतंत्र पक्ष उभारला.

म्हणून त्यांना मवाळ समजणे चूक ठरेल. 1930 साली कायदेभंगाची चळवळ सुरू झाली. वऱ्हाडात समुद्र नाही, तेव्हा मिठाचा सत्याग्रह करावयाचा कोठे? परंतु सरकारने राखलेली जंगले जवळच होती आणि त्यांतील गवतावाचून शेतकऱ्यांची गुरे उपाशी राहत. 10 जुलै 1930 रोजी बापूजींनी पुसदजवळच्या राखीव जंगलात गवत कापले आणि तुरुंगवास पत्करला. त्यांच्यामागून शेकडो लोकांनी विळे हाती घेतले.

दोन भांडणाऱ्या पक्षांनी ज्याच्यावर विश्वास टाकावा, असा त्यांचा स्वभाव होता. 1928 साली हिंदुस्थानच्या घटनेचा मसुदा करण्यासाठी पंडित मोतीलाल नेहरू यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, तीत ते होते. 1931 साली बंगालच्या काँग्रेसमध्ये सुभाषचंद्र बोस आणि जतींद्रमोहन सेनगुप्त यांच्या गटांत तंटा विकोपास गेला, तेव्हा तो मिटविण्यासाठी लवाद म्हणून काँग्रेसने वऱ्हाडच्या या वकिलाला निवडले. 1933 साली ते काँग्रेसचे हंगामी अध्यक्ष होते. आणि पुढच्याच वर्षी, जातीय निवाड्याच्या प्रश्नावर काँग्रेसची भूमिका न पटल्याने, पंडित मालवीय यांच्यासह त्यांनी निराळा पक्ष काढला! मैत्री राखून मतभेद सांगणे त्यांना साधत असे.

1941 साली व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात त्यांनी जागा स्वीकारली. आफ्रिका, ब्रह्मदेश, मलाया, लंका अशा देशांत जाऊन राहिलेल्या हिंदी लोकांचे खाते त्यांच्याकडे आले. काँग्रेसचे अनेक कार्यकर्ते त्या वेळी वैयक्तिक सत्याग्रहात तुरुंगात होते. साहजिकच बापूजींवर टीका झाली. खरी कसोटी मात्र पुढेच होती. ऑगस्ट 1942 मध्ये गांधीजींसह सर्व नेत्यांना अटक झाली आणि बापूजी त्या सरकारातच राहिले. वर्धा नदीपलीकडच्या चिमूर येथे लोकांचा उठाव झाला व त्यानंतर तेथे लष्कराकडून स्त्रियांवर अत्याचार झाल्याच्या वार्ता पसरल्या. सेवाग्राम आश्रमातील प्रा. भन्साळी नोव्हेंबरमध्ये दिल्लीस गेले. बापूजींनी स्वतः चिमूरला यावे व चौकशी करवावी, अशी विनंती त्यांनी केली. बापूजींनी असमर्थता दर्शविली. भन्साळींनी त्यांच्याच दारी उपोषण आरंभिले. पोलिसांनी त्यांना सेवाग्रामला परत पाठविले, तरी ते उपोषण दोन महिन्यांहून अधिक काळ चालले.

चिमूर बापूजींच्या जन्मगावाहून फार दूर नाही. आतून सुधारणा करीन म्हणून जो सरकारात शिरतो, त्याला त्या सरकारच्या कृत्यांचाही भार वाहावा लागतो. बापूजींच्या चरित्रातील हा भाग त्यांच्या चाहत्यांनाही सोपा वाटत नाही. 10 फेब्रुवारी 1943 रोजी गांधीजींनी आगाखान राजवाड्यात एकवीस दिवसांचे उपोषण सुरू केले. तरीही सरकार त्यांना सोडीना, तेव्हा बापूजींनी होमी मोदी आणि नलिनीरंजन सरकार यांच्यासह राजीनामा दिला.

त्याच वर्षी हिंदुस्थान सरकारचे प्रतिनिधी म्हणून ते लंकेस गेले आणि वकील या शब्दाचा दुसरा अर्थ खरा झाला. ही वकिली मोठी अवघड होती. कोलंबोत हिंदुस्थानचा प्रतिनिधी बसलेला. पण हिंदुस्थान स्वतंत्र नाही आणि लंकाही स्वतंत्र नाही. दोघांचाही धनी लंडनला! लंकेच्या डोंगरांवर चहाचे व रबराचे मळे होते. तेथे राबण्यासाठी तमिळ मुलखातून पिढ्यानपिढ्या मजूर नेले गेले होते. त्यांची मुलेबाळे तेथेच जन्मली. 1931 पासून लंकेत प्रौढ मतदान सुरू झाले, तेव्हा या लाखो लोकांना मत द्यावे की नाही, असा प्रश्न उभा राहिला. ही माणसे आमची बहुसंख्या मोडतील, असे सिंहली पुढाऱ्यांना भय वाटे. ते भय पोकळ असो वा नसो, बोलणी करणाऱ्याने ते समजून घेणे अवश्यच होते.

हिंदुस्थानच्या हाती एक साधन होते. लंका सरकारने हिंदी कामगारांना नोकरीवरून काढल्यामुळे 1939 साली मजूर तेथे पाठविण्यास बंदी घातली गेली होती. मलाया जपानच्या हाती गेल्यावर लंकेच्या रबराला फार महत्त्व आले आणि मळ्यांना माणसे हवी होती. सहकार्य हवे असेल तर तेथे असलेल्यांना समान हक्क द्या, हा हिंदुस्थानचा आग्रह होता. टिळकांच्या शिष्याला ही भाषा नवी नव्हती. बापूजी 1947 पर्यंत तेथे राहिले. परंतु लंकेच्या नव्या घटनेसाठी लंडनहून आयोग आला, तोही या प्रश्नाचा निकाल न लावताच गेला. 1948 साली लंका स्वतंत्र झाली आणि त्याच वर्षीच्या नागरिकत्वाच्या कायद्याने बहुसंख्य मळेकामगार कोणत्याच देशाचे उरले नाहीत. ज्या राज्याच्या वतीने बोलावयाचे, त्यालाच जर स्वतःचा आवाज नसेल, तर कुशल वकिलाचेही हात बांधले जातात.

परत आल्यावर ते घटना समितीचे सभासद झाले. जानेवारी 1948 पासून 1952 पर्यंत ते बिहारचे राज्यपाल होते. पुढे वेगळ्या विदर्भाच्या मागणीसाठी वयाच्या ऐंशीच्या घरात ते पुन्हा निवडणुकीस उभे राहिले आणि 1959 व 1962 साली नागपुरातून लोकसभेवर निवडून आले.

ते लोकसभेत असतानाच, ऑक्टोबर 1964 मध्ये, पंतप्रधान लालबहादूर शास्त्री आणि लंकेच्या पंतप्रधान सिरिमावो भंडारनायके यांच्यात करार झाला. 5,25,000 लोक भारताने घ्यावेत, 3,00,000 लंकेने ठेवावेत, उरलेल्या 1,50,000 जणांचे मागाहून पाहावे, असे ठरले. या खेपेसही मळ्यांतील माणसांना कोणी विचारले नव्हते. लंकेत राहिलेल्यांच्या नागरिकत्वाचा प्रश्न बहुतांशी सुटावयास 2003 साल उजाडले.

राजकारणाच्या धकाधकीतही बापूजींचे संस्कृत सुटले नव्हते. उतारवयात त्यांनी लोकमान्यांच्या जीवनावर 'श्रीतिलकयशोऽर्णव' हे हजारो श्लोकांचे महाकाव्य रचिले. 26 जानेवारी 1968 रोजी त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी त्यांना पद्मविभूषण हा किताब देण्यात आला. महाकाव्य त्यांच्या मृत्यूनंतर छापून पूर्ण झाले आणि 1973 साली त्यास साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला.