दंतवैद्य पिएर फोशार

सेमाडोहाकडे काय, साऱ्या वऱ्हाडांत काय, दात दुखूं लागला म्हणजे त्यास कीड लागली असें आपण म्हणतों. दातांत खरोखरीच किडा शिरतो, हा समज युरोपांतही शतकानुशतकें होता. तो खोडून काढणाऱ्या पिएर फोशार यांचें चरित्र आम्ही वाचकांस थोडक्यांत सादर करीत आहों.

यांचा जन्म सन १६७८ च्या सुमारास फ्रान्स देशीं झाला. वयाच्या १५ व्या वर्षीं ते राजाच्या आरमारांत शिरले. तेथें शस्त्रवैद्य पोतलरे यांनीं त्यांस दंतरोगांची विद्या दिली. लांबच्या सफरींत खलाशांस स्कर्व्ही जडे, हिरड्या सुजत व दात गळत. तें दुःख त्यांनीं जवळून पाहिलें. पुढें आंजे येथें व नंतर पॅरिस शहरीं त्यांनीं व्यवसाय केला.

त्या काळीं दात काढणारे आपली कला गुप्त ठेवीत. फोशार यांनीं मात्र सन १७२८ मध्यें दोन खंडांचा सचित्र ग्रंथ छापून उपचार व उपकरणें सर्वांपुढें मांडलीं. दातांत किडा आपणांस आढळला नाहीं, हें त्यांत स्पष्ट लिहिलें. या ग्रंथामुळें ते पुढील पिढ्यांचे शिक्षक ठरले.

सन १७६१ मध्यें ते निवर्तले. विद्या झांकून ठेवण्यांत त्यांचा एकट्याचा लाभ होता. ती वाटल्यानें सर्वांचा झाला. हाच धडा आम्हांस मोलाचा वाटतो.