जागा न सोडणारी नम्रता

शिरूर असो की दौंड, घरातलं बाळंतपण अडलं किंवा दुखणं हाताबाहेर गेलं की शेवटी एक नाव निघतंच. ससून! पुण्याच्या त्या मोठ्या दवाखान्याच्या आवारात जेवणाचा डबा आणि सतरंजी घेऊन आपल्यापैकी कितीजणींनी रात्री काढल्या असतील. पण ससून हे एका ज्यू माणसाचं आडनाव आहे, हे फार थोड्या जणींना ठाऊक असतं. डेव्हिड ससून हे बगदादहून मुंबईत आलेले मोठे व्यापारी. त्यांनी दिलेल्या देणगीतून उभं राहिलेलं हे रुग्णालय १८६७ मध्ये सुरू झालं. पुण्याच्या कॅम्पातलं लाल देऊळ, म्हणजे ज्यू लोकांचं प्रार्थनास्थळ, तेही त्यांनीच बांधायला घेतलेलं.

आज मात्र मैत्रिणींनो, ओळख करून घ्यायची आहे ती दुसऱ्याच एका ज्यू व्यक्तीची. ती बाई होती, डॉक्टर होती आणि मराठी घरातली होती. तिचं नाव डॉ. जेरुशा झिराड.

मराठी ज्यू म्हटल्यावर नवल वाटेल. पण कोकणात, अलिबाग-पेणच्या पट्ट्यात, हे लोक शेकडो वर्षं राहत आले. नवगावच्या किनाऱ्याजवळ गलबत फुटलं, त्यातून वाचलेल्या सात जोडप्यांचे आपण वंशज, असं ते मानतात. त्यांना बेने इस्रायल म्हणतात. तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून गावात त्यांना शनवार तेली म्हणत. बोलणं मराठी, नेसणं नऊवारी, मंगलप्रसंगी पोहे-खोबऱ्याचा मलिदा. आडनावंही आपल्यासारखीच गावावरून पडलेली: दिवेकर, पेणकर, रोहेकर. अलिबागजवळच्या झिराड गावावरून झिराड हे आडनाव आलं. १९४८ नंतर यातली बहुतेक कुटुंबं इस्रायलला गेली, पण अजूनही मुंबई, ठाणे, पुणे, अलिबागकडे काही घरं आहेत.

जेरुशाबाईंचा जन्म १८९० च्या आसपास शिमोग्याचा. शिक्षणासाठी त्या पुण्याला आल्या आणि मुलींच्या हायस्कुलात, म्हणजे आपल्या हुजूरपागेत शिकल्या. लहान असतानाच एक घटना घडली. मोठी बहीण खूप आजारी पडली आणि मुंबईच्या कामा हॉस्पिटलात बरी झाली. पेस्तनजी होरमसजी कामा यांच्या देणगीतून १८८६ मध्ये सुरू झालेलं हे हॉस्पिटल खास बायका-मुलांसाठी होतं आणि तिथे डॉक्टरही बायकाच. पुरुष डॉक्टरांकडून तपासून घ्यायला तेव्हा बायका धजत नसत आणि घरचेही पाठवत नसत. तिथल्या गोऱ्या डॉक्टरीणबाईंनी बहिणीचा जीव वाचवला. ते पाहून अकरा वर्षांच्या जेरुशानं मनाशी ठरवलं की आपण डॉक्टर व्हायचं आणि एक दिवस हेच हॉस्पिटल चालवायचं.

आता खरं सांगा, आपल्या घरातली अकरा वर्षांची पोर असं बोलली तर आपण काय म्हणू? फार उडू नकोस, पायरीनं राहा, मुलीच्या जातीनं नम्र असावं, असंच ना? नम्र म्हणजे मान खाली, आवाज खाली आणि स्वप्नंही खालच्या फळीवरची, असा आपल्याकडे एक समज होऊन बसला आहे. ज्यू परंपरेत नम्रतेला फार मोठं स्थान आहे, पण तिचा अर्थ मात्र जरा वेगळा आहे. तो समजून घेतला की झिराडबाईंचं आयुष्यही नीट उलगडतं.

हिब्रू भाषेत नम्रतेला अनावा म्हणतात. तोरा हा ज्यूंचा सर्वांत पवित्र ग्रंथ. त्यात मोशेला पृथ्वीवरचा सगळ्यात नम्र माणूस म्हटलं आहे. आणि हा मोशे कोण? तर इजिप्तच्या बलाढ्य फारो राजापुढे जाऊन, माझ्या लोकांना गुलामीतून सोड, असं तोंडावर सांगणारा! देवानं हे काम सांगितलं तेव्हा मोशेनं आधी खूप आढेवेढे घेतले. मला बोलता येत नाही, दुसऱ्या कुणाला पाठव, असं म्हणत राहिला. ते ऐकून देव काही प्रसन्न झाला नाही, उलट रागावला. म्हणजे सोपवलेल्या कामातून अंग काढून घेणं ही नम्रता धरलेली नाही.

तालमूद या त्यांच्या जुन्या ग्रंथात याहून कडक गोष्ट आहे. रोमच्या बादशहाच्या नावानं जेरुसलेमच्या मंदिरात बळी द्यायला वासरू आलं. कुणीतरी खोडसाळपणानं त्याला मुद्दाम लहानशी जखम केली होती. व्यंग असलेलं जनावर बळी द्यायचं नाही असा नियम, आणि परत पाठवावं तर बादशहाचा अपमान. शांतता राहावी म्हणून यावेळी चालवून घेऊ, असं बरेच जण म्हणत होते. पण जखऱ्या नावाच्या एका पंडितानं, लोक काय म्हणतील, लोक उद्या याचा काय अर्थ काढतील, असं म्हणत कुठलाच निर्णय होऊ दिला नाही. पुढे इसवी सन ७० मध्ये रोमनांनी ते मंदिर जाळून टाकलं. या माणसाच्या नम्रतेपायी आपलं मंदिर गेलं, असा ठपका पुढच्या गुरूंनी त्याच्यावर ठेवला. लोक काय म्हणतील हे शब्द आपल्याला काही अनोळखी नाहीत, नाही का?

मग खरी नम्रता कोणती? त्याच तालमूदमध्ये सांगितलं आहे की प्रार्थनेसाठी जो माणूस आपली एक जागा ठरवून घेतो, त्याला नम्र म्हणावं. पहिल्यांदा वाचताना कळत नाही की जागेचा आणि नम्रतेचा संबंध काय. पण विचार केला की पटतं. आपली जागा ज्याला माहीत आहे तो दुसऱ्याची जागा बळकावत नाही. आणि आपली जागा रिकामी सोडून कोपऱ्यात जाऊनही बसत नाही. अहंकारी माणूस हवी त्याहून जास्त जागा अडवतो आणि खोटा नम्र माणूस स्वतःची जागा ओस पाडतो. नुकसान दोन्हींकडून होतं.

जेरुशाबाईंनी आपली जागा ओस पडू दिली नाही. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातून १९१२ मध्ये त्या डॉक्टर झाल्या. १९१३ मध्ये त्यांनी आपल्या समाजातल्या बायकांसाठी बेने इस्रायल स्त्री मंडळ काढलं. पुढच्या शिक्षणासाठी लंडनला जायचं तर पैसा हवा. परदेशी शिकायला सरकार देत असे ती शिष्यवृत्ती तोवर एकाही भारतीय बाईला मिळाली नव्हती. ती मिळवणाऱ्या त्या पहिल्या. पहिल्या महायुद्धाच्या धामधुमीत त्या लंडनमध्ये शिकत आणि काम करत राहिल्या आणि १९१९ मध्ये प्रसूतिशास्त्र आणि स्त्रीरोग या विषयांत लंडन विद्यापीठाच्या एम. डी. झाल्या. एवढी मोठी पदवी हाती होती, तिकडेच राहता आलं असतं. पण त्या परतल्या. दिल्लीला आणि बंगळूरला बायकांच्या रुग्णालयांत काम केलं, मग मुंबईत आल्या. १९२८ मध्ये कामा हॉस्पिटलची सूत्रं त्यांच्या हाती आली. तिथे या पदावर बसलेली पहिली भारतीय बाई हीच. अकरा वर्षांच्या पोरीनं पाहिलेलं स्वप्न असं पुरं झालं. पुढची एकोणीस वर्षं, म्हणजे देश स्वतंत्र झाला त्या १९४७ पर्यंत, त्या तिथेच होत्या.

देवळातली जागाही त्यांनी सोडली नाही. जुन्या पद्धतीच्या ज्यू प्रार्थनास्थळात बायका वेगळ्या बसतात, बहुतेक वेळा वरच्या सज्जात. लंडनमध्ये लिली माँटेग्यू नावाच्या एका बाईनं आणखी काही जणांबरोबर उदारमतवादी ज्यूंची नवी चळवळ उभी केली होती. तिथे बाई-पुरुष एकत्र बसून प्रार्थना करत. तीच वाट धरून १९२५ मध्ये मुंबईत ज्यू रिलिजियस युनियन ही संस्था निघाली, आणि तिच्या अध्यक्ष होत्या डॉ. झिराड. आपल्या समाजाला रुचेल की नाही, चार शहाणे नावं ठेवतील का, हे प्रश्न तेव्हाही असतीलच. धर्म सोडायचा नव्हता, धर्मात आपलीही जागा आहे एवढंच सांगायचं होतं.

पण त्यांच्या कामातलं मला सगळ्यात मोठं वाटतं ते वेगळंच. मुंबई शहरात बाळंतपणात बायका का मरतात, याची त्यांनी पद्धतशीर पाहणी केली. तिचा अहवाल १९४१ मध्ये प्रसिद्ध झाला. नामवंत डॉक्टर, हाताला यश, पदाचा मान. एवढं असल्यावर माणूस जगलेल्या बाळंतिणी मोजतो. या बाई मेलेल्या बाळंतिणींचा हिशेब मांडायला बसल्या. आपल्या विद्येला कुठे यश आलं नाही हे स्वतः शोधायला फार मोठं मन लागतं. तिथे मोठेपणा बाजूला ठेवावा लागतो. आणि तो अहवाल छापून सरकारपुढे ठेवायला धाडस लागतं. अनावा हा शब्द मला तरी इथे कळला. सत्यापुढे वाकायचं आणि ते सत्य सांगताना ताठ उभं राहायचं.

बाळंतपणात बाईचा जीव जातो तो रक्तस्रावानं, जंतुसंसर्गानं, झटक्यांनी आणि अंगात रक्तच नसल्यानं. आता परिस्थिती पुष्कळ सुधारली आहे. गावोगाव आशाताई फिरतात, लोहाच्या गोळ्या मिळतात, १०८ ला फोन केला की गाडी येते. तरी आपल्याकडची बाई अजून काय करते? सगळ्यांची पानं वाढून झाल्यावर उरलंसुरलं खाते. चक्कर आली तर पदर खोचून पुन्हा कामाला लागते. कुणी विचारलं तर, मला मेलीला काय धाड भरलीय, म्हणून हसण्यावारी नेते. गोळ्या फडताळात तशाच पडून राहतात. आपण याला सोशीकपणा म्हणतो, नम्रता म्हणतो, आणि अशा सुनेचं कौतुकही करतो. ज्यू गुरूंच्या मापानं मोजलं तर ही नम्रता नव्हे. ही आपली जागा ओस पाडणं आहे. आणि त्या घराला मंदिर म्हणत असू, तर ते कशामुळे जातं हे जखऱ्याच्या गोष्टीनं सांगितलंच आहे.

डॉ. झिराड यांना ब्रिटिश सरकारनं १९४५ मध्ये एम. बी. ई. हा किताब दिला, स्वतंत्र भारतानं १९६६ मध्ये पद्मश्री दिली. नव्वदी ओलांडून १९८० च्या दशकात त्या गेल्या. जेरुशा या हिब्रू नावाचा अर्थ वारसा असा आहे. त्यांचा वारसा घ्यायला डॉक्टरच व्हावं लागतं असं नाही. या आठवड्यात कधीतरी जवळच्या सरकारी दवाखान्यात जाऊन आपलं हिमोग्लोबिन तेवढं तपासून या. जाताना सासूबाईंना आणि वयात आलेल्या लेकीलाही सोबत न्या. आणि आकडा कमी निघाला तर घरी येऊन तो सगळ्यांदेखत, मान वर करून सांगा.