स्टीव्हन्सचा हिशेब

दिंडोरी-नाशिककडून सरकारी कामासाठी अथवा परीक्षेसाठी मुंबईस जाणारा माणूस आगगाडीतून उतरतो तो छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या भव्य घुमटापाशी. बाहेर येताच समोर महानगरपालिकेचे मुख्यालय दिसते. या दोन्ही वास्तू एकाच माणसाच्या आराखड्यांवरून उभ्या राहिल्या, हे त्या गर्दीत क्वचितच कोणाच्या ध्यानी येत असेल. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स हे त्या वास्तुकाराचे नाव.

स्टीव्हन्स यांचा जन्म १८४७ साली इंग्लंडमधील बाथ येथे झाला. तेथील वास्तुकार चार्ल्स डेव्हिस यांच्याकडे उमेदवारी करून १८६७ मध्ये ते सार्वजनिक बांधकाम खात्याच्या नोकरीत हिंदुस्थानात आले. प्रथम पुण्यास आणि नंतर मुंबईस. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाचे भाव वाढून मुंबईत अमाप पैसा आला होता आणि १८६५ मध्ये तो फुगा फुटलाही होता. मात्र किल्ल्याचा कोट पाडल्यामुळे मोकळी झालेली जमीन शिल्लक होती. वऱ्हाड-खानदेशच्या शेतकऱ्याने पिकविलेला कापूस ज्या रेल्वेने बंदरात येत असे, त्याच रेल्वेला आता आपल्या दिमाखास साजेसे स्थानक हवे होते.

खलाशांसाठी बांधलेल्या रॉयल आल्फ्रेड सेलर्स होममुळे स्टीव्हन्स यांचे नाव झाले. आज त्या इमारतीत राज्य पोलीस दलाचे मुख्यालय आहे. पुढे जी. आय. पी. रेल्वेने त्यांची सेवा सरकारकडून मागून घेतली. आराखडा करण्यापूर्वी युरोपचा दौरा करून त्यांनी तेथील मोठी स्थानके पाहिली. १८७८ मध्ये सुरू झालेले काम १८८८ मध्ये संपले. खर्च १६ लाखांवर गेला. दगडी नक्षीकामात जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांचा मोठा वाटा होता, तर बांधकामाच्या व्यवस्थेत सीताराम खंडेराव वैद्य यांच्यासारखे एतद्देशीय अभियंते होते. कीर्ती एकाच्या नावावर जमा झाली, तरी श्रम अनेकांचे होते, हे विसरून चालणार नाही.

१८८४ मध्ये सरकारी नोकरी सोडून स्टीव्हन्स यांनी स्वतःचा व्यवसाय थाटला. महापालिकेच्या इमारतीसाठी झालेल्या स्पर्धेत रॉबर्ट चिझम यांचा आराखडा सरस ठरला होता. तरीही अखेर काम आले ते स्टीव्हन्स यांच्याकडे. १८९३ मध्ये ती इमारत पूर्ण झाली. मंजूर रक्कम ११,८८,०८२ रुपये होती, प्रत्यक्ष खर्च आला ११,१९,९६९ रुपये. म्हणजे ६८,११३ रुपये वाचले! करदात्यांच्या पैशातून उभारलेल्या वास्तूचा असा ताळेबंद आज कुतूहलाचा विषय व्हावा, यातच सर्व काही आले.

स्टीव्हन्स हे साम्राज्याचे सेवक होते आणि त्यांच्या कलेने परकीय सत्तेचा दबदबा वाढविला, हा आक्षेप खोटा नाही. परंतु ज्या घुमटाखाली राज्यकर्त्यांचा डौल मिरवला, त्याच घुमटाखालून पुढे गिरणी कामगार, कारकून आणि विद्यार्थी यांची रीघ लागली. वास्तू बांधणाऱ्याची नव्हे, तर वापरणाऱ्याची होते, हाच काळाचा न्याय म्हणावा लागेल.

चर्चगेट येथील बी. बी. अँड सी. आय. रेल्वेची कचेरी हे त्यांचे अखेरचे मोठे काम. ते पूर्ण झाल्यावर थोड्याच अवधीत, १९०० मध्ये, वयाच्या अवघ्या ५२ व्या वर्षी हिवतापाने मुंबईतच त्यांचे निधन झाले. शिवडीच्या दफनभूमीत त्यांची कबर आहे. व्यवसाय पुत्र चार्ल्स यांनी पुढे चालविला. कुलाब्याचे रीगल चित्रपटगृह त्यांचेच. व्ही. टी.ला २००४ मध्ये जागतिक वारशाचा मान मिळाला.

आजही शहरोशहरी मोठमोठ्या वास्तुरचना संस्था टोलेजंग सार्वजनिक इमारतींचे आराखडे तयार करीत असतात आणि नागरिकांपुढे येते ती दर्शनी भागाची रंगीत चित्रे. त्या चित्रांबरोबर अंदाजपत्रक आणि अखेरचा खर्च या दोन्हींचे आकडे मागण्याची सवय नागरिकांना लागली, तर स्टीव्हन्स यांच्या चरित्राचा खरा उपयोग झाला असे म्हणता येईल.