ब्रँच रिकी : कॉम्प्युटर येण्याआधी खेळाडूची ‘व्हॅल्यू’ मोजणारा माणूस

आयपीएलची रिटेन्शन यादी आली की आपल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर काय होतं, हे वेगळं सांगायला नको. याला का सोडलं, त्याला एवढे कोटी कशाला, हा तर आता संपला! कुणी स्ट्राइक रेटचे स्क्रीनशॉट टाकतं, कुणी जुनी मॅच उकरून काढतं आणि रात्री एक वाजेपर्यंत भांडण चालतं.

अमेरिकेत हेच भांडण बेसबॉलवरून कित्येक पिढ्या चालू आहे. तिकडे शरद ऋतूत वर्ल्ड सिरीज संपते आणि वसंतात नवा सीझन सुरू होतो. मधल्या हिवाळ्यात मैदानं बंद असतात, पण संघ खेळाडूंची अदलाबदल करत असतात आणि चाहते त्यावर वाद घालत बसतात. पूर्वी हे वाद शेगडीभोवती ऊब घेत रंगायचे, म्हणून या काळाला ‘हॉट स्टोव्ह लीग’ असं नावच पडलंय.

आज त्या चाहत्यांच्या मोबाईलमध्ये ढीगभर स्टॅट्स असतात. पण खेळाडूकडे आकड्यांतून बघायची ही सवय लावणाऱ्यांमध्ये ब्रँच रिकी हे नाव फार वरचं आहे. चला, त्याची गोष्ट बघूया.

मैदानावर साधारण, डोक्याने तल्लख

रिकीचा जन्म २० डिसेंबर १८८१ रोजी ओहायो राज्यातल्या एका शेतकरी कुटुंबात झाला. घर कट्टर धार्मिक. रविवारी खेळणार नाही, असा शब्द त्याने आईला दिला होता आणि तो शेवटपर्यंत पाळला. तिकिटं सगळ्यात जास्त खपतात तो रविवारच, त्यामुळे क्लबच्या मालकांना हे कसं आवडत असेल, विचार करा!

खेळाडू म्हणून तो साधारणच होता. तो कॅचर, म्हणजे आपल्या विकेटकीपरसारखी जागा. बेसबॉलमध्ये समोरचा धावपटू संधी साधून पुढचा बेस ‘चोरतो’ आणि कॅचरने जोरदार थ्रो करून त्याला बाद करायचं असतं. २८ जून १९०७ च्या एका सामन्यात रिकीचा हात दुखावलेला होता आणि प्रतिस्पर्ध्यांनी त्याच्यासमोर १३ बेस चोरले. तो नकोसा विक्रम त्याच्या नावावर कायमचा बसला.

मग क्षयरोगाने गाठलं. त्यातून बरा होऊन त्याने मिशिगन विद्यापीठातून १९११ मध्ये कायद्याची पदवी घेतली, पण वकिली काही चालली नाही. शेवटी १९१३ मध्ये तो सेंट लुईस शहरात बेसबॉलमध्येच परतला. या वेळी काम वेगळं होतं : दुसऱ्याच्या खेळाची पारख.

विकत घेता येत नाही? मग घडवा

सेंट लुईस कार्डिनल्स हा तेव्हा कडका क्लब. रिकीला पोरं ओळखता यायची, पण अडचण वेगळीच होती. लहान लीगमधल्या एखाद्या पोराची त्याने चौकशी केली, की श्रीमंत क्लब जास्त पैसे टाकून त्यालाच उचलायचे. पारख रिकीची, फायदा दुसऱ्याचा!

त्याने काढलेला तोडगा साधा होता. खेळाडू विकत घेण्याऐवजी छोटे क्लबच ताब्यात घ्यायचे. तिथे शेकडो पोरं कमी पगारावर घ्यायची, पायरी पायरीने वर आणायची, सगळ्यात चांगली स्वतःच्या संघात ठेवायची आणि उरलेली विकायची. याला ‘फार्म सिस्टिम’ म्हणतात आणि आज प्रत्येक मोठ्या क्लबकडे ती आहे. १९४० च्या सुमारास कार्डिनल्सच्या जाळ्यात तीसहून अधिक क्लब होते. रिकीच्या काळात या गरीब क्लबने १९२६, १९३१, १९३४ आणि १९४२ अशा चार वर्ल्ड सिरीज जिंकल्या.

पण हे खेळाडूच्या बाजूने बघा. तेव्हाच्या करारात ‘रिझर्व्ह क्लॉज’ नावाचं कलम असायचं. एकदा सही केली, की क्लब सोडेल तेव्हाच सुटका. वर जागा नसेल तर चांगला खेळाडूही वर्षानुवर्षं खालीच सडायचा. १९३८ मध्ये बेसबॉलचे आयुक्त लँडिस यांनी कार्डिनल्सचे सत्तरहून अधिक खेळाडू या जाळ्यातून मोकळे केले, ते यामुळेच.

एक वर्ष आधी विका

रिकीचा सर्वात गाजलेला नियम असा, की खेळाडू उतरणीला लागण्याआधी वर्षभर विकलेला बरा. वर्षभर उशीर झाला तर गिऱ्हाईक मिळत नाही.

याचं गाजलेलं उदाहरण म्हणजे डिझी डीन. हा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा. १९३४ मध्ये त्याने एकट्याने ३० सामने जिंकले होते आणि चाहते त्याच्यासाठी वेडे होते. १९३७ च्या ऑल-स्टार सामन्यात त्याच्या पायाच्या बोटाला चेंडू लागला. पाय वाचवायला त्याने चेंडू टाकायची पद्धत बदलली आणि त्यात हात गेला. एप्रिल १९३८ मध्ये, सीझन सुरू होण्याच्या तोंडावर, रिकीने त्याला शिकागो कब्जला दिलं. बदल्यात तीन खेळाडू आणि १,८५,००० डॉलर मिळाले. डीनने त्या वर्षी शिकागोला चांगली साथ दिली, पण पुढच्या तीन वर्षांत मिळून त्याला फक्त नऊ सामने जिंकता आले. उलट त्याच्या बदल्यात आलेल्या कर्ट डेव्हिसने १९३९ या एकाच वर्षात कार्डिनल्ससाठी २२ सामने जिंकले.

आता दुसरी बाजू. डिसेंबर १९४१ मध्ये रिकीने जॉनी माइझला न्यूयॉर्क जायंट्सकडे पाठवलं आणि ५०,००० डॉलर व तीन खेळाडू घेतले. माइझ तेव्हा २८ वर्षांचा होता. १९४७ मध्ये याच माइझने ५१ होम रन मारले! म्हणजे नियम प्रत्येक वेळी बरोबर ठरला नाही. आणि एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी : खेळाडू विकून येणाऱ्या पैशात रिकीचा स्वतःचाही वाटा असायचा. त्यामुळे प्रत्येक ट्रेड निव्वळ खेळाच्या हिशोबानेच झाला, असं डोळे झाकून म्हणता येत नाही.

पगारी आकडेतज्ज्ञ

१९४२ च्या सीझननंतर रिकी ब्रुकलिन डॉजर्समध्ये गेला. १९४७ मध्ये त्याने मॉन्ट्रियलच्या अ‍ॅलन रॉथला नोकरीवर घेतलं. क्लबने पूर्णवेळ आकडेतज्ज्ञ ठेवणं ही तेव्हा नवलाईच होती. रॉथ प्रत्येक चेंडूची नोंद ठेवायचा : कुणी टाकला, कुठे मारला, तेव्हा बेसवर कोण होतं. सगळं पेन्सिलीने, कागदावर.

याचा उपयोग बघायचा तर डिक्सी वॉकरचं प्रकरण बघा. ब्रुकलिनचा हा लाडका बॅटर १९४७ मध्येही .३०६ च्या सरासरीने खेळला होता. स्कोअरकार्ड बघून कुणीही म्हणालं असतं, ठेवा याला. पण रॉथच्या नकाशांत दिसत होतं, की वॉकरचे फटके आता पूर्वीसारखे ताकदीच्या बाजूला जात नाहीत, उलट्या बाजूला जातात. म्हणजे बॅट उशिरा येते आहे, वय दिसायला लागलं आहे. डिसेंबर १९४७ मध्ये वॉकरला पिट्सबर्गला पाठवण्यात आलं. (यात आणखी एक कारण होतं, ते पुढे येईलच.) वॉकर एक वर्ष उत्तम खेळला आणि १९४९ नंतर संपला. बदल्यात आलेला पिचर प्रीचर रो १९४७ मध्ये चार सामने जिंकून १५ हरला होता. त्यानेच १९५१ मध्ये ब्रुकलिनसाठी २२ जिंकले आणि फक्त तीन हरले.

१९५४ मध्ये रिकीने ‘लाइफ’ मासिकात एक लांबलचक फॉर्म्युला छापला. त्यातला मुद्दा आपण क्रिकेटमधून समजून घेऊ. वाइड बॉलची धाव अवांतरमध्ये जाते, बॅट्समनच्या खात्यात येत नाही. बेसबॉलमध्ये पिचरने चार चेंडू बाहेर टाकले तर बॅटरला पहिला बेस फुकट मिळतो. याला ‘वॉक’ म्हणतात आणि बॅटिंग अ‍ॅव्हरेजमध्ये तो धरतच नाहीत. रिकीचं म्हणणं होतं, की बेसवर पोचणं महत्त्वाचं, कसा पोचला ते नंतर. म्हणून त्याने वॉक धरून मोजणी केली आणि मोठ्या फटक्यांचं माप वेगळं काढलं. बॅटरच्या फटक्यावर किती जणांनी धावा केल्या, या लोकप्रिय आकड्याला त्याने फारशी किंमत दिली नाही, कारण पुढे बेसवर कुणी उभंच नसेल तर बॅटर काय करणार? त्या काळी फार कुणी मनावर घेतलं नाही. बेसवर पोचण्याची टक्केवारी अधिकृत आकडा व्हायला १९८४ उजाडलं.

जे यादीतच नव्हते

पण रिकीचा सगळ्यात मोठा निर्णय या फॉर्म्युल्यातून आलेला नव्हता. तेव्हा मोठ्या लीगमध्ये कृष्णवर्णीय खेळाडूंना घेत नसत. कागदावर तसा नियम नाही, पण सगळे क्लब पाळायचे. हे खेळाडू वेगळ्या ‘नीग्रो लीग्ज’मध्ये खेळायचे. म्हणजे सगळे क्लब ‘बेस्ट प्लेअर’ शोधत होते, पण अर्धवट यादीतून.

तरुणपणी रिकी कॉलेजच्या संघाचा कोच होता, तेव्हा त्याच्या संघातल्या चार्ल्स थॉमस या कृष्णवर्णीय खेळाडूला एका हॉटेलने खोली नाकारली होती. रिकीने त्याला स्वतःच्या खोलीत ठेवून घेतलं. तो प्रसंग त्याने आयुष्यभर मनात ठेवला. सोबत व्यवहारही होता : इतका मोठा गुणवान वर्ग आणि मागायला दुसरं कुणीच नाही!

ऑक्टोबर १९४५ मध्ये, म्हणजे ऐन हॉट स्टोव्हच्या दिवसांत, जॅकी रॉबिन्सनच्या कराराची घोषणा झाली. एक वर्ष मॉन्ट्रियलमध्ये खेळून १५ एप्रिल १९४७ ला तो ब्रुकलिनच्या मैदानावर उतरला. शिव्या, धमक्या, स्वतःच्या संघातली नाराजी असं सगळं त्याने सोसलं. डिक्सी वॉकरने तर त्याच्यामुळेच आपल्याला दुसरीकडे पाठवा, असं रिकीला पत्र लिहून कळवलं होतं. ते वगळलेलं कारण हेच. रॉबिन्सन त्या वर्षीचा सर्वोत्कृष्ट नवोदित ठरला आणि १९४९ मध्ये लीगचा सर्वोत्तम खेळाडू.

इथेही हिशोबाची दुसरी बाजू आहेच. रॉबिन्सन ज्या कॅन्सस सिटी मोनार्क्समध्ये खेळत होता, त्या क्लबला रिकीने एक पैसाही दिला नाही. पुढे चांगले खेळाडू एकेक करून गेले आणि नीग्रो लीग्ज ओस पडल्या. तिथले आकडे मेजर लीगच्या अधिकृत नोंदींत यायला थेट २०२४ साल लागलं.

शेवटचा डाव

१९५० मध्ये डॉजर्सच्या मालकीच्या भांडणातून बाहेर पडून रिकी पिट्सबर्ग पायरेट्सला गेला. तिथे त्याचं काहीच जमलं नाही. १९५२ मध्ये संघ ११२ सामने हरला. सलग सात वर्षं होम रनमध्ये अव्वल असलेल्या राल्फ काइनरला त्याने पुढच्या वर्षी देऊन टाकलं, तेव्हा चाहते खवळले. पण नोव्हेंबर १९५४ मध्ये, डॉजर्सने खालच्या संघात ठेवलेला एक पोर्तो रिकन मुलगा त्याच्या क्लबने ४,००० डॉलरमध्ये उचलला. तो रॉबर्टो क्लेमेंटे! १९६० मध्ये पायरेट्स वर्ल्ड सिरीज जिंकले. रिकी तेव्हा तिथे नव्हता.

१३ नोव्हेंबर १९६५ रोजी मिसुरीत एका सन्मान समारंभात बोलता बोलता तो कोसळला आणि ९ डिसेंबरला गेला. चौऱ्याऐंशीव्या वाढदिवसाला अकरा दिवस बाकी होते. रिझर्व्ह क्लॉज मोडून खेळाडूंना आपली किंमत स्वतः मागता यायला आणखी दहा वर्षं गेली.

मी रोज कोड लिहितो आणि ही गोष्ट वाचताना एकच गोष्ट डोक्यात राहिली. रॉथच्या कागदांनी वॉकरचं वय पकडलं, पण रॉबिन्सन कुठल्याच क्लबच्या कागदावर नव्हता. डेटात जो माणूस घेतलाच नाही, तो कितीही भारी अल्गोरिदम लावला तरी दिसत नाही. आणि ज्याची किंमत आपण काढतो, त्याला त्या किमतीतलं किती मिळतं, हे फॉर्म्युला सांगत नाही. पुढच्या लिलावाच्या रात्री ग्रुपवर आकडे टाकताना हे दोन प्रश्नही विचारून बघा : यादीत कोण नाही, आणि पैसे कुणाच्या खिशात चाललेत?