एडवर्ड निपलिंग

एडवर्ड फ्रेड निपलिंग (२० मार्च, १९०९:पोर्ट लव्हाका, टेक्सास, अमेरिका - १७ मार्च, २०००:आर्लिंग्टन, व्हर्जिनिया, अमेरिका) हे अमेरिकन कीटकशास्त्रज्ञ होते. किडीच्या नाशासाठी त्याच किडीचे वंध्य नर वापरण्याची कल्पना त्यांनी मांडली. ती ‘वंध्य कीटक तंत्र’ या नावाने ओळखली जाते.

जीवन

निपलिंग यांचा जन्म शेतकरी कुटुंबात झाला. १९३० मध्ये त्यांनी टेक्सासमधून पदवी घेतली व १९३१ मध्ये ते अमेरिकेच्या कृषी खात्यात रुजू झाले. दुसऱ्या महायुद्धात ते ऑर्लँडो येथील प्रयोगशाळेचे प्रमुख होते. सैनिकांमधील उवा व डास यांच्याविरुद्ध डीडीटीचा वापर तेथेच विकसित झाला. पुढे ते कृषी खात्याच्या कीटकसंशोधन विभागाचे संचालक झाले.

संशोधन

स्क्रूवर्म माशी जनावरांच्या जखमेत अंडी घालते आणि तिच्या अळ्या जिवंत मांस खातात. या माशीची मादी बहुधा एकदाच समागम करते, असे निपलिंग यांनी १९३०च्या दशकात ताडले. तो समागम वंध्य नराशी झाला, तर तिची अंडी फुकट जातील, हा त्यांचा तर्क अनेक सहकाऱ्यांना अव्यवहार्य वाटला. १९५०च्या सुमारास रेमंड बुशलँड यांनी क्ष-किरणांनी या माश्या वंध्य करून दाखवल्या. सॅनिबेल बेटावरील प्रयोगात माश्या घटल्या, पण जवळच्या किनाऱ्यावरून नव्या येत राहिल्या. १९५४ मध्ये दूरच्या कुरासाओ बेटावरून मात्र माशीचे उच्चाटन झाले. त्यानंतर फ्लोरिडा, अमेरिकेचा उर्वरित भाग व मेक्सिको येथेही यश मिळाले. २०२३ पासून ही माशी मध्य अमेरिकेत पुन्हा पसरली आहे.

तत्त्व

निपलिंग यांनी १९५५ मध्ये हे गणिताने मांडले. १० लाख मादी असलेल्या क्षेत्रात दर पिढीला २० लाख वंध्य नर सोडल्यास मादींची संख्या अनुक्रमे ३,३३,३३३, ४७,६१९ व १,१०७ होते आणि चौथ्या पिढीत जवळजवळ शून्यावर येते. कीड विरळ झाली की कीटकनाशकाची फवारणी अधिकाधिक वाया जाते. हे तंत्र मात्र तेव्हाच अधिक प्रभावी ठरते.

भारतातील संदर्भ

१९७०च्या दशकात जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने दिल्लीत डासांच्या जनुकीय नियंत्रणाचा प्रकल्प चालला. जैविक युद्धाच्या संशयावरून वाद होऊन तो १९७५ मध्ये बंद पडला. संततीला मारक ठरणारे जनुक बसवलेल्या नर डासांच्या बंदिस्त चाचण्या २०१७ मध्ये जालना जिल्ह्यातील दावलवाडी येथे सुरू झाल्या. त्यांत किरणांची जागा जनुकाने घेतली असली, तरी मूळ कल्पना निपलिंग यांचीच आहे.

चिपळूणसह कोकणातील आंबा बागायतदारांना हा विषय फळमाशीमुळे जवळचा आहे. याच किडीमुळे युरोपीय संघाने मे २०१४ पासून भारतीय आंब्यावर बंदी घातली होती. ती २०१५ मध्ये उठली. जपानने ओकिनावा बेटांवरून काकडीवर्गीय फळांवरील माशी वंध्य नरांच्या साहाय्याने १९९३ पर्यंत हटवली. कोकण मात्र बेट नाही. शेजारच्या भागातून माश्या येतच राहतात. येथे दापोलीच्या कृषी विद्यापीठाने विकसित केलेले ‘रक्षक’ सापळे वापरतात. त्यांतील मिथाइल युजेनॉलच्या वासाने नर माश्या ओढल्या जातात.

पुरस्कार

निपलिंग यांना १९६६ मध्ये अमेरिकेचे राष्ट्रीय विज्ञान पदक, १९९२ मध्ये बुशलँड यांच्यासह जागतिक अन्न पुरस्कार आणि १९९५ मध्ये जपान पुरस्कार मिळाला.